कोशातील जागा आणि कागदाबाहेरच्या स्त्रिया

एखादी व्यक्ती कोशात नोंदली जाण्याइतकी महत्त्वाची आहे की नाही, हे कोणी ठरवावयाचे आणि कशाच्या आधारावर ठरवावयाचे, हा प्रश्न वरकरणी कोशकारांच्या कचेरीतला वाटतो. सामान्य वाचकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असेही कोणी म्हणेल. पण पाठ्यपुस्तकाचा लेखक कोश उघडून धडा लिहितो, विद्यार्थी त्या धड्यावरून निबंध लिहितो, नगरपालिका त्याच नावांतून चौकाला नाव देते. जे नाव कोशात नाही ते पुढे कोठेच येत नाही, आणि कोठेच आले नाही म्हणून पुढच्या कोशातही येत नाही. या चक्रात सर्वांत अधिक कोण अडकले असेल, तर त्या आपल्या इतिहासातील स्त्रिया.

महाराष्ट्राला कोशवाङ्मयाची परंपरा मोठी आहे. १९२० च्या दशकात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे अवाढव्य काम जवळजवळ एकहाती उभे केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२, १९३७ आणि १९४६ या वर्षी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश दिले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. २००३ पासून मराठी विकिपीडिया हा लोकांनीच लिहावयाचा कोशही उपलब्ध आहे. साधने बदलली, पण निवडीचा प्रश्न तोच राहिला. कोशाला सर्वांना जागा देता येत नाही. कसोटी लावावीच लागते, आणि ती लावण्यात गैर काही नाही. गैर असेल तर ते कसोटी कोणत्या मापाने लावली जाते यात आहे.

मोजमापाचा दोष

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा दोष ओळखीचा आहे. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली एक गमतीदार वाटणारी पण मर्मभेदक अडचण दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने पगार देऊन ठेवलेल्या घरकाम करणाऱ्या बाईशी विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने कमी होते. काम तेच, करणारी तीच, घरही तेच. फक्त पगार थांबला म्हणून हिशेबाच्या वहीतून ते काम नाहीसे झाले. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे करतात, असे आढळले. ही पाच तासांची मेहनत राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही. तिचे मोल नाही म्हणून ती वगळली जाते असे नव्हे. ज्या मापाने आपण मोजतो त्या मापात ती बसत नाही, एवढेच.

चरित्रकोशाचे तसेच आहे. पद, पदवी, ग्रंथ, लढाई, खटला, मानपत्र, मृत्युलेख या गोष्टी नोंदीला आधार देतात. यांपैकी बहुतेक गोष्टी शतकानुशतके स्त्रियांच्या वाट्याला येऊच दिल्या गेल्या नाहीत. मग आपण म्हणतो, पुरावा नाही, सबब नोंद नाही. हे तर्कशुद्ध दिसते. पण ज्या समाजाने कागद निर्माण होऊ दिला नाही त्यानेच पुढे कागद मागावा, यात न्याय कमी आणि सोय जास्त आहे.

उदाहरण ताराबाई शिंदे यांचे घ्या. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून प्रसिद्ध केले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ दृष्टिआड झाले. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये संपादून पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ताराबाईंचे नाव अभ्यासकांच्या तोंडी आले. मधली ९३ वर्षे त्या 'उल्लेखनीय' नव्हत्या काय? पुस्तक तेच होते, शब्द तेच होते. बदलले ते इतकेच की एका संशोधकाने ते शोधून समोर ठेवले. म्हणजे उल्लेखनीयता हा व्यक्तीचा गुण आहे असे आपण समजतो, पण पुष्कळदा तो नंतरच्या पिढीच्या उद्योगीपणाचा किंवा आळसाचा दाखला असतो.

मुक्ता साळवे यांचेही तसेच. फुले दांपत्याच्या शाळेतील या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत छापून आला. तो छापला गेला म्हणून आज आपल्याला तिचे नाव ठाऊक आहे. त्याच वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्या इतर मुलींची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील?

माणदेशातील एक नोंद

हा विषय दूरचा नाही. आटपाडी तालुक्यात साहित्याची चर्चा निघाली की नावे ठरलेली असतात. शेटफळ्यात जन्मलेले ग. दि. माडगूळकर, 'बनगरवाडी'चे लेखक व्यंकटेश माडगूळकर, 'तराळ-अंतराळ' लिहिणारे आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आटपाडीचे शंकरराव खरात. पावसाने पाठ फिरवलेल्या या मुलखाने इतकी माणसे दिली याचा अभिमान रास्तच आहे. पण या यादीत शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचे नाव आपण किती वेळा घेतो?

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सांगोला तालुक्यातील महूद येथे एका महार कुटुंबात झाला. त्यांचे सासर आटपाडीजवळच्या करगणीचे. दलित पँथरचे एक नेते आणि लेखक अरुण कांबळे हे त्यांचे चिरंजीव. १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत त्या शिक्षिका झाल्या. जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका अशी त्यांची ओळख सांगितली जाते. १९५२ नंतर त्यांनी पुण्यात दोन वर्षांचे अध्यापन-प्रशिक्षण घेतले. पुढे जत तालुक्यात शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून काम केले आणि १९८१ मध्ये त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी आपली जीवनकहाणी लिहिली. ती १९८३ मध्ये 'पूर्वा' मासिकात येऊ लागली आणि १९८६ मध्ये 'माज्या जल्माची चित्तरकथा' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनने तिच्यावर आधारित 'नाजुका' ही मालिका दाखवली. पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर झाले. जानेवारी २०२३ मध्ये, शंभरी अवघ्या काही आठवड्यांवर आली असता, त्यांचे निधन झाले.

आज शांताबाईंचे नाव दलित साहित्याच्या अभ्यासात सर्वत्र घेतले जाते. तेव्हा अडचण कोठे आहे, असे कोणी विचारील. अडचण समजण्यासाठी क्षणभर अशी कल्पना करावी की १९८१ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी उचललीच नाही. १९४२ ते १९८१ ही ३९ वर्षे जशीच्या तशी राहिली असती. ज्या काळात सार्वजनिक पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता त्या काळात वर्गात उभे राहून शिकवणारी बाई तीच राहिली असती. तिच्याकडून मुळाक्षरे शिकलेली मुले तीच राहिली असती. पण कोशात त्यांच्या नावाची ओळ आली असती काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. म्हणजे शांताबाईंना जी जागा मिळाली ती त्यांनी केलेल्या कामामुळे मिळाली नसून त्या कामाची हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली म्हणून मिळाली. ज्यांनी असेच काम केले आणि लिहिले नाही, त्यांचे काय झाले याचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

'पहिली' या शब्दाचा मोह

स्त्रियांची नोंद करताना आपण आणखी एका मोहाला बळी पडतो. ती 'पहिली' असल्याशिवाय तिची दखल घ्यावयाची नाही, असा जणू संकेत झाला आहे. शांताबाईंचे पुस्तक हे दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन असे अनेक ठिकाणी म्हटले जाते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकाविषयीही तसेच म्हटले जाते. बेबीताईंचे लेखन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले, शांताबाईंचे १९८३ मध्ये 'पूर्वा'तून. आणि दोन्ही पुस्तके १९८६ मधील. आता यात पहिली कोण, यावर वाद घालणे म्हणजे एका बाईला आत घेण्यासाठी दुसरीला दाराबाहेर उभे करणे होय. बेबीताईंनी आपले लेखन पुष्कळ वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. मग 'पहिली' कोणाला म्हणावयाचे? जिने आधी लिहिले तिला, की जिचे आधी छापले गेले तिला? सातारा आणि सांगली या दोन शेजारच्या जिल्ह्यांत, एकाच दशकात, दोन स्त्रियांना आपले जिणे कागदावर मांडावेसे वाटले, ही घटना कोणत्याही पहिलेपणापेक्षा मोठी आहे. कोणाही लेखकाला 'पहिला' ठरल्याखेरीज कोशात घेत नाही, असे आपण पुरुषांच्या बाबतीत कधी म्हटले आहे काय?

पुराव्याची गरज खरीच आहे

याचा अर्थ पुराव्याची अट सैल करावी असा मुळीच नाही. उलट स्त्रियांच्या बाबतीत पुरावा अधिक कसोशीने सांभाळला पाहिजे, कारण दुबळा पुरावा हा विरोधकांच्या हातचे कोलीत ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने समाजमाध्यमावर असे जाहीर केले की, सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फातिमा शेख हे आपणच रचलेले पात्र आहे. मोठी खळबळ उडाली. अभ्यासकांनी उत्तरादाखल दाखवले ते एक पत्र. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा नावानिशी उल्लेख आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयातून हे पत्र वाचकांपुढे आले आहे. त्या एका उल्लेखाने 'ही बाई नव्हतीच' हा दावा टिकत नाही. पण त्याच उल्लेखातून फातिमांची जन्मतारीख किंवा संपूर्ण चरित्र निघत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. जेवढा कागद बोलतो तेवढेच लिहावे आणि तेवढे मात्र अवश्य लिहावे. उत्साहाच्या भरात घातलेली एक कच्ची तारीख पक्क्या उल्लेखालाही संशयात ओढते.

स्वतंत्र साधनांचा आग्रह धरणारा नियमही मुळात वाईट नाही. व्यक्तीने किंवा तिच्या गोतावळ्याने स्वतःविषयी लिहिलेल्या मजकुरावर कोशाने विसंबू नये, हे योग्यच. पण नियम डोळे मिटून लावला की काय होते, याचे जागतिक उदाहरण २०१८ मध्ये घडले. कॅनडातील पदार्थवैज्ञानिक डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील नोंदीचा मसुदा त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियावर अपुऱ्या स्वतंत्र संदर्भांच्या कारणावरून नाकारण्यात आला. २ ऑक्टोबर रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते मिळाले १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाबद्दल. त्यांचे सहसंशोधक जेरार मुरू यांच्यावर मात्र आधीपासून नोंद होती. एकाच संशोधनातील दोघांपैकी एकावर लिहिले गेले होते आणि दुसरीवर नव्हते, एवढाच फरक.

आपल्याकडे 'स्वतंत्र साधन' म्हणून जे पुढे येते त्याची तपासणीही करून पाहावी. पुरुषांच्या नोंदींना आधार म्हणून अनेकदा एकसष्टीचा गौरवग्रंथ असतो. तो लिहिणारे शिष्य, छापणारी संस्था त्यांनीच स्थापिलेली, संपादक त्यांचाच जावई. असा ग्रंथ स्वतंत्र मानावयाचा आणि एखाद्या बाईच्या सेवापुस्तकातील कोरडी नोंद मात्र अपुरी मानावयाची, याला कसोटी म्हणता येणार नाही. स्त्रियांसाठी माप उतरवा, असे कोणी म्हणत नाही. पुरुषांच्या बाबतीत शोधाशोधीचे काम आधीच कोणीतरी करून ठेवलेले असते. स्त्रियांच्या बाबतीत ते आपल्याला करावे लागेल, इतकेच म्हणणे आहे.

तीन कसोट्या

मग नोंद कोणाची करावी? प्रस्तुत लेखकाच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, या व्यक्तीच्या कार्याने तिच्या घराबाहेर, तिच्या हयातीत किंवा नंतर, नेमके काय बदलले? दुसरा, त्या बदलाला एकमेकांपासून स्वतंत्र अशी किमान दोन साधने साक्ष देतात काय? ही साधने छापील ग्रंथच असली पाहिजेत असे नाही. सरकारी दप्तर, समकालीन पत्र, विरोधकाने केलेली टीका, हीही साधनेच. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. हे नाव गाळले तर त्या विषयाचा इतिहास अपुरा किंवा चुकीचा राहील काय? सोलापूर-सांगली भागातील दलित शिक्षणाचा किंवा मराठी आत्मकथनाचा इतिहास शांताबाईंना वगळून लिहिता येणार नाही. तेथे त्यांची नोंद आवश्यकच ठरते. या तीन कसोट्यांना न उतरणारी व्यक्ती थोर असू शकेल, आपल्या घराला आणि गावाला ती प्रिय असेल; पण कोश हे श्रद्धांजलीचे स्थान नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

यातील दुसरी कसोटी आपल्या हातात आहे आणि तीच आपण रोज गमावत आहोत. आटपाडीचा भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० पासून त्याचे नाव सांगली झाले. प्रत्येक फेरबदलात दप्तरे एका कचेरीतून दुसरीकडे जातात आणि वाटेत गठ्ठे कमी होतात. जे उरते ते अभिलेखांच्या वर्गवारीप्रमाणे मुदत संपली की नष्ट करावयाचे असते. शाळेचे जनरल रजिस्टर सांभाळले जाते, पण जुने हजेरीपत्रक, शेरेबुक, लॉगबुक यांची पर्वा कोणाला? तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने शेरेबुकात आपल्या हाताने शेरा लिहावयाचा असतो. जत तालुक्यातील एखाद्या शाळेच्या जुन्या शेरेबुकात शांताबाईंच्या हस्ताक्षरातील शेरा आजही सापडू शकेल. आत्मकथनात माणदेशी बोलीत बोलणारी बाई तेथे शिक्षणखात्याच्या भाषेत काय लिहीत होती, हे पाहावयास मिळाले तर ते चरित्रकाराच्या दृष्टीने मोलाचे साधन होईल. वाळवीला किंवा रद्दीवाल्याला मात्र त्याचे मोल कळत नाही.

आणखी एक अडचण नावांची आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, सेवापुस्तकात सासरचे, सातबाराच्या उताऱ्यावर केवळ अमक्याची बायको किंवा विधवा. एकच स्त्री तीन दप्तरांत तीन नावांनी असते. तीन कागद समोर असूनही ते एकाच व्यक्तीचे आहेत हे जुळवणारा कोणी नसतो. पुरुषाच्या बाबतीत ही जुळवाजुळव करावीच लागत नाही.

हे काम मुंबई-पुण्याच्या विद्वानांनी येऊन करावे अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. शिक्षकांनी आपापल्या शाळेतील १९६० पूर्वीची रजिस्टरे आणि शेरेबुके पाहून त्यांची साधी यादी करावी. कचेरीतील लिपिकबंधूंच्या हाती तर मोठीच सत्ता आहे. नष्ट करावयाच्या कागदांच्या यादीवर सही होण्यापूर्वी तीवर एक नजर टाकून जुनी सेवापुस्तके आणि शाळांची कागदपत्रे बाजूला काढण्याचा प्रस्ताव ते वरिष्ठांपुढे ठेवू शकतात. पदवीच्या विद्यार्थ्यांना आता क्षेत्र-प्रकल्प करावे लागतात. आकड्यांचे तेच ते तक्ते भरण्यापेक्षा त्यांनी आपल्या गावातील पहिल्या पिढीच्या शिक्षिका, सुईणी, परिचारिका, ग्रामपंचायतीच्या सदस्या यांच्या मुलाखती त्यांच्या संमतीने घ्याव्यात, तारखा कागदांशी पडताळाव्यात आणि त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. स्थानिक वृत्तपत्रांच्या आणि दिवाळी अंकांच्या फायली बांधून ठेवणे हे ग्रंथालयांचे कर्तव्यच आहे. कोशकार मग या साधनांकडे बोट दाखवू शकेल. जिल्हा परिषदेने यासाठी एक खोली आणि एक अभिलेखपाल दिला, तरी पुष्कळ होईल.

काळ थोडा आहे. स्वातंत्र्यापूर्वी नोकरीला लागलेल्या शिक्षिकांची पिढी जवळजवळ संपली. १९६० च्या सुमारास वर्गात उभ्या राहिलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकीने शांताबाईंसारखे पुस्तक लिहावे अशी अपेक्षा करता येत नाही, आणि लिहिले नाही म्हणून त्यांचे काम झालेच नाही असेही म्हणता येत नाही. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत माणदेशातील प्रत्येक शाळेने आपले एक जुने कपाट उघडले, तरी या कामाला आरंभ होईल. कोशात कोणाला जागा द्यावयाची याचा निवाडा कोशकार करतील. त्यांच्यापुढे कागद ठेवणे हे मात्र आपले काम आहे.